तुमची पत तुम्ही पाहिलीय का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी आली आणि बघता बघता देशभर फिरली. लग्नाची बोलणी जवळपास पक्की झाली होती. तेवढ्यात मुलीकडच्या एका नातेवाइकानं मुलाचा सिबिल बघायचा आग्रह धरला. सिबिल काढला, तर मुलाच्या नावावर बरीच कर्जं निघाली, स्कोअरही खालचा निघाला. लग्न मोडलं. मग व्हायचं तेच झालं. मीम्स आली, रील्स आल्या, ‘आता छत्तीस गुण नकोत, साडेसातशे गुण हवेत’ छापाचे विनोद ग्रुपवर फिरले.

विनोद बाजूला ठेवू. त्या बातमीनंतर मी वर्गात सहज विचारलं, सिबिल पाहिलाय का कुणी? बऱ्याच जणांनी मोबाइल काढून पेमेंट ॲपमधला आकडा दाखवला. कुणाचा ७४२, कुणाचा ७६८, कुणाचा काहीच नाही. पण त्या आकड्यामागचा अख्खा रिपोर्ट उघडून ओळ न् ओळ वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आकडा म्हणजे निकालपत्रावरची टक्केवारी. पेपर कसा तपासला, कुठे मार्क कापले, की भलत्याच मुलाचा पेपर आपल्या नावावर चढला, हे आकड्यावरून कळत नाही. ते कळतं रिपोर्टमधून. आणि हा रिपोर्ट फुकट मिळतो, हेच मुळात अनेकांना माहीत नसतं.

आधी एक गोंधळ दूर करू. झेरॉक्स हे जसं एका कंपनीचं नाव, तरी आपण अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही मशीनवर ‘झेरॉक्स’च काढतो, तसंच सिबिलचं आहे. सिबिल ही २००० साली सुरू झालेली कंपनी, आताचं तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. तिच्याखेरीज आपल्या देशात एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन पत माहिती कंपन्या आहेत. बँका, एनबीएफसी, क्रेडिट कार्डवाले आपल्या कर्जदारांची माहिती या चारही कंपन्यांना पाठवतात. कर्ज किती, हप्ता किती, वेळेवर आला की चुकला, सगळं. पूर्वी ही माहिती साधारण महिन्यातून एकदा जायची; रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. म्हणजे हप्ता चुकला तर त्याची खबर पूर्वीपेक्षा लवकर पोचते, आणि कर्ज फिटलं तर तीही.

आता फुकटचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. प्रत्येक पत माहिती कंपनीनं प्रत्येक ग्राहकाला, त्यानं मागितल्यावर, वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट ऑनलाइन मोफत द्यायचा. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार मोफत रिपोर्ट. चारही एकाच दिवशी काढायची गरज नाही. मार्चमध्ये एक, जूनमध्ये दुसरा, सप्टेंबरमध्ये तिसरा आणि डिसेंबरमध्ये चौथा काढला, तर एक पैसा न घालवता दर तिमाहीला स्वतःवर नजर राहते. शिवाय स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. ही अफवा इतकी पसरलीय की भल्या भल्या हुशार पोरांनी ती मला ठामपणे ऐकवली. स्कोअरवर परिणाम होऊ शकतो तो तुम्ही कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज केल्यावर बँकेनं केलेल्या चौकशीचा. त्यातही एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले, तर हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असा अर्थ निघतो.

पण आम्ही कुठे कर्ज घेतलंय?

हे वाक्य हमखास ऐकू येतं. बावीस-तेविसाव्या वर्षी कर्ज म्हटलं की डोळ्यासमोर घर नाहीतर गाडी येते. पण आपल्या वयाची कर्जं कर्जासारखी दिसतच नाहीत. टिळक रोडवरच्या दुकानातून ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतलेला फोन हे कर्ज आहे. शून्य टक्के व्याज असं खरं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये दडलेलं असतं. जेवण मागवताना ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ हे बटण दाबलं, तेही बहुतेक वेळा कर्जच. त्यामागे कुठली तरी एनबीएफसी किंवा बँक असते. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जांच्या नियमांनंतर ॲपवरून दिलेलं असं कर्ज, मग ते कितीही लहान आणि कितीही थोड्या दिवसांचं असो, पत माहिती कंपन्यांना कळवणं बंधनकारक झालं. म्हणजे तीनशे-चारशे रुपयांची विसरलेली बाकीसुद्धा रिपोर्टमध्ये ‘थकीत’ म्हणून उभी राहू शकते.

आणि तिसरा प्रकार, पुण्यात सगळ्यात जास्त सापडणारा पण सगळ्यात कमी बोलला जाणारा: क्लासची फी.

माझ्या रूममेटचंच उदाहरण देते. ती मराठवाड्यातून बँकेच्या परीक्षांची तयारी करायला पुण्यात आली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जागा पकडायची, रात्री दहाला परत. दोन वर्षांपूर्वी तिनं एका ऑनलाइन क्लासला नाव घातलं होतं. एकरकमी फी जमत नव्हती. समोरून सांगितलं गेलं, काही नाही, महिन्याला थोडे थोडे भरा. पॅन कार्डचा फोटो दिला, आधारचा ओटीपी सांगितला, खात्यातून पैसे आपोआप जाण्यासाठी मंजुरी दिली. पाच मिनिटांत काम झालं. तिच्या समजुतीप्रमाणे ती क्लासला हप्त्यानं फी देत होती. प्रत्यक्षात झालं होतं असं की, एका कर्ज कंपनीनं तिच्या नावावर कर्ज काढून पूर्ण फी क्लासला एकदम दिली होती, आणि ही दर महिन्याला त्या कंपनीचं कर्ज फेडत होती.

दोन महिन्यांत तिला क्लास पटला नाही. नियमात बसत होतं तेवढ्या मुदतीत तिनं ई-मेल करून प्रवेश रद्द केला. क्लासचं ‘ओके, रद्द केला’ असं उत्तरही आलं. तिनं बँकेत जाऊन ते आपोआप जाणारे पैसे थांबवले आणि विषय संपला असं मानलं. क्लासनं मात्र कर्ज कंपनीला ना कळवलं, ना पैसे परत केले. कंपनीच्या वहीत हिचं कर्ज चालूच होतं. तिकडून फोन यायचे ते अनोळखी नंबरवरून, आणि अभ्यासाला बसलेली मुलगी अनोळखी नंबर उचलत नाही.

हे सगळं कळलं कसं? तर भरतीच्या जाहिरातीतल्या एका बारीक अक्षरातल्या कलमामुळे. बँकांची परीक्षा देणाऱ्यांनी ते कलम एकदा नीट वाचावंच. आयबीपीएसच्या जाहिरातींमध्ये, रुजू होताना उमेदवाराची कर्जफेडीची नोंद चांगली असली पाहिजे, अशी अट असते. स्टेट बँकेच्या जाहिरातींमध्ये तर कर्ज किंवा कार्डाची थकबाकी बुडवल्याची नोंद असलेला, सिबिलसारख्या संस्थेचा प्रतिकूल शेरा असलेला उमेदवार अपात्र, असं स्पष्टच लिहिलेलं असतं. हे नुसतं कागदावर नाही. स्टेट बँकेनं याच कारणावरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली. तो परीक्षा, मुलाखत सगळं पार करून आला होता. आपण सगळी कर्जं फेडलीत, आता काहीच थकलेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि जून २०२५ मध्ये न्यायालयानं बँकेचा निर्णय उचलून धरला. ज्यानं लोकांचा पैसा सांभाळायचा, त्याची स्वतःची आर्थिक शिस्त बघणं बँकेच्या अधिकारात आहे, असा त्यामागचा विचार.

मला हा नियम सरसकट योग्य वाटत नाही. ज्याच्या घरी दोन वर्षं अडचणीत गेली, त्याला नोकरीची सगळ्यात जास्त गरज, आणि त्यालाच दार बंद. पण नियम आहे तोवर पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत चालू घडामोडींच्या पुस्तकाशेजारी हा रिपोर्टही असायला हवा, एवढं नक्की.

रिपोर्ट वाचायचा कसा?

कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जायचं, पॅन नंबर, जन्मतारीख, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा. ओळख पटवण्यासाठी कधी कधी एक-दोन प्रश्न येतात, अमुक कर्ज कुठल्या बँकेचं वगैरे. एवढं झालं की रिपोर्ट. वाटेत एक पान लागू शकतं, ज्यावर सहा महिन्यांचं, वर्षाचं सशुल्क सबस्क्रिप्शन मोठ्या अक्षरात मांडलेलं असतं आणि ‘नको’ म्हणायची जागा त्यामानानं लाजरीबुजरी. ती शोधायची, पैसे भरायचे नाहीत. वर्षातला पहिला रिपोर्ट हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कार्डाचा नंबर देण्याची काही गरज नाही.

उघडल्यावर नजर आधी आकड्याकडे जाणारच. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ज्यांनी आजवर काहीच उधारी केलेली नाही, त्यांच्याकडे आकड्याच्या जागी ‘एनएच’ किंवा उणे एक असं दिसू शकतं. घाबरायचं नाही, त्याचा अर्थ वाईट नसून कोरा असा आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे.

मग खरं वाचन सुरू. सगळ्यात वर नाव, जन्मतारीख, पॅन, फोन नंबर, पत्ते. हा भाग लोक सोडून देतात आणि मला तर तोच सर्वांत बोलका वाटतो. आपल्याकडे नावांची गंमत असते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गायब. त्यात पाटील, जाधव, शिंदे ही आडनावं आणि अमोल, प्रियांका ही नावं. दोन माणसांच्या नोंदी एकमेकांत मिसळायला आणखी काय हवं? लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर एकाच बाईचा इतिहास दोन नावांत विभागला जाऊ शकतो. पत्त्यांकडे बघा. कोथरूडची पीजी, कर्वेनगरची रूम, गावचं घर, हे तुमचेच. पण त्यात तुम्ही कधी पाऊलही न ठेवलेल्या शहरातला पत्ता दिसला, किंवा तुमचा नसलेला फोन नंबर दिसला, तर कुणीतरी तुमच्या पॅनवर अर्ज केला असण्याची शक्यता आहे.

आणि हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. अभिनेता राजकुमार राव यानं एप्रिल २०२२ मध्ये ट्विटरवर जाहीरपणे सांगितलं होतं, की त्याच्या पॅन कार्डावर कुणीतरी अडीच हजार रुपयांचं कर्ज काढलं आणि त्याचा सिबिल स्कोअर बिघडला. कर्ज अडीच हजारांचं. इतकी लहान रक्कम असल्यामुळेच ती चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. आपण पीजीवाल्या काकांना, सिम कार्डच्या दुकानात, इंटर्नशिपच्या फॉर्मबरोबर पॅनची कॉपी वाटत फिरतो. निदान त्या कॉपीवर कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला दिली, एवढं आडवं लिहायची सवय लावता येते.

त्याखाली येतात तुमची खाती. प्रत्येक कर्जाचं, प्रत्येक कार्डाचं एकेक खातं. इथं एक अडचण येते. ज्या ॲपवरून किंवा ज्या क्लासकडून तुम्ही व्यवहार केला, त्याचं नाव इथं नसतं. नाव असतं पैसे देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं. रूममेटनं रिपोर्ट पाहिला तेव्हा ‘ही कंपनी मी आयुष्यात ऐकलेली नाही’ असं ती म्हणाली, आणि खरोखर ऐकलेली नव्हती. म्हणून नाव अनोळखी दिसलं की लगेच फसवणूक म्हणायचं नाही. खातं उघडल्याची तारीख आणि रक्कम बघायची, त्या महिन्यात आपण काय घेतलं होतं ते जुन्या मेसेजमध्ये शोधायचं.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, गेल्या तीन वर्षांपर्यंतचे. त्यात शून्य असेल तर त्या महिन्यात हप्ता वेळेवर आला. ३०, ६०, ९० असे आकडे असतील तर हप्ता तितके दिवस थकलेला होता. रूममेटच्या त्या खात्यात आकडे पायऱ्यांसारखे चढत गेलेले होते. खात्याच्या स्थितीचे शब्दही नीट बघा. ‘क्लोज्ड’ म्हणजे कर्ज फिटलं. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण न फेडता तडजोड केली. वसुलीवाले फोनवर गोड आवाजात ‘इतके भरा, मिटवून टाकू’ म्हणतात, तेव्हा ते या दुसऱ्या शब्दाबद्दल बोलत असतात, आणि पुढचा कर्ज देणारा त्याच्याकडे बोट दाखवणार. ‘रिटन ऑफ’ हा त्याहून वाईट. बँकेनं आशा सोडून रक्कम बुडीत खाती टाकली असा त्याचा अर्थ. या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असते, तेव्हा आज बावीसचे असाल तर एकोणतिसाव्या वर्षीही यातलं काही तुमच्या पाठीशी असू शकतं.

सगळ्यात शेवटी चौकशांची यादी. कुणी, कधी, कशासाठी तुमचा रिपोर्ट मागवला. तुम्ही कधीच अर्ज न केलेल्या कंपनीची चौकशी दिसली तर ती तुम्हीच शोधून काढायला हवी. बँक किंवा कर्ज कंपनीनं रिपोर्ट पाहिला की ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेल पाठवणं पत माहिती कंपन्यांवर बंधनकारक झालंय. हे मेसेज जाहिरातींच्या ढिगात हरवतात. ते उघडून वाचायचे, त्यातल्या लिंकवर मात्र न दाबता थेट संकेतस्थळावर जायचं.

तीस दिवसांचं घड्याळ

चूक सापडली तर पुढे काय? पत माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रारीची, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘डिस्प्यूट’ची, सोय असते आणि तीही मोफत. रिपोर्टवर एक कंट्रोल नंबर असतो, तो लागतो. म्हणून रिपोर्ट बघून बंद करू नका, डाउनलोड करून ठेवा.

एक गोष्ट समजून घेतली की मनस्ताप कमी होतो: ही कंपनी स्वतःच्या मनानं काहीही बदलू शकत नाही. ती तुमची तक्रार कर्ज देणाऱ्याकडे पाठवते, त्यानं हो म्हटलं तरच नोंद बदलते. त्यामुळे त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ई-मेल टाकायचा, पुरावे जोडून. आणि याच कारणासाठी, ‘सात दिवसांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणारा कुठलाही एजंट, त्याच्या रीलला कितीही लाइक्स असोत, तुमची खरी थकबाकी पुसू शकत नाही. तो फार तर तुमच्याच मोफत हक्काचा फॉर्म पाच हजार रुपये घेऊन भरतो, आणि त्यासाठी तुमचा ओटीपीही मागतो.

रिझर्व्ह बँकेनं या सगळ्याला मुदत घातली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत निकाली काढायची. त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्याचे, उरलेले पत माहिती कंपनीचे. तीस दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याकडून. तक्रार फेटाळली तर कारण सांगावं लागतं. ‘माझा स्कोअर ७१० का, ७५० का नाही’ असल्या तक्रारीला मात्र ही भरपाई लागू नाही. भांडायचं ते चुकीच्या नोंदीबद्दल.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आल्या आहेत. ‘सीएमएस’ पोर्टलवर तक्रार ऑनलाइन होते, वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, थेट लोकपालाकडे गेलात तर परत पाठवतील.

रूममेटनं हेच केलं. क्लासचा ‘रद्द केला’ हा जुना ई-मेल तिच्याकडे होता, हे तिचं नशीब म्हणा की शिस्त. पहिलं उत्तर कर्ज कंपनीकडून आलं ते ठरावीक साच्याचं: नोंद बरोबर आहे, थकबाकी भरा. तिनं पुन्हा लिहिलं, या वेळी क्लासलाही प्रत पाठवली आणि लोकपालाकडे जाणार असल्याची एक ओळ घातली. मग चक्रं हलली. क्लासनं पैसे परत केले, कंपनीनं कर्ज बंद केलं आणि थकबाकीचे आकडे मागे घेतले. सव्वीस दिवस लागले. शंभर रुपये रोजची भरपाई मिळण्याआधीच प्रकरण मिटलं, याचं तिला जरा वाईटच वाटलं. ना-देय प्रमाणपत्र तिनं पीडीएफ आणि कागद अशा दोन्ही रूपांत ठेवलंय. मग तिनं बाकीच्या तीन कंपन्यांचे मोफत रिपोर्ट काढले. दोन ठिकाणी दुरुस्ती दिसत होती. तिसऱ्या ठिकाणी जुनी थकबाकी तशीच होती, तिथं वेगळी तक्रार करावी लागली. एका कंपनीचा रिपोर्ट स्वच्छ म्हणजे चारही स्वच्छ, असं धरून चालत नाही.

हे तिला जमलं, कारण हातात वेळ होता. निकाल लागून कागदपत्रं तपासणीची तारीख आल्यावर हेच सुरू केलं असतं, तर सव्वीस दिवस फार झाले असते. घरासाठी किंवा परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्यांचंही तेच. काही बँकांचा गृहकर्जाचा व्याजदरच स्कोअरवर ठरतो. अर्धा टक्का वर गेला, तर वीस वर्षांत ती रक्कम लाखांत जाते.

ॲपवरच्या फुकट स्कोअरबद्दल थोडं. वाईट नाही ते. आकडा अचानक पडला तर निदान कळतं. पण तिथं ‘फुकट’ची किंमत म्हणजे तुमची परवानगी. ती ॲप्स तुमच्या वतीनं तुमचा रिपोर्ट पाहतात, आणि मग ‘तुमच्यासाठी दोन लाखांचं कर्ज तयार’ असे मेसेज सुरू होतात. परवानगी देताना तो लांबलचक मजकूर वाचा. नंतर ती सेटिंगमध्ये जाऊन काढूनही घेता येते. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आहे, त्यांनी मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आतबाहेर खर्च ठेवावा असं म्हणतात, तो ढोबळ हिशेब बरा आहे. बाकी हप्ता वेळेवर भरणं याला पर्याय कुणी शोधलेला नाही.

शेवटी आई-बाबांचा रिपोर्ट. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सिबिल हा शब्द पोचला तो पीककर्जामुळे. बँका शेतकऱ्यांकडे सिबिलचा आग्रह धरतात ही तक्रार इतकी वाढली, की मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी ही अट घालणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. त्यातल्याच कितीतरी घरांतली मुलं पुण्यात शैक्षणिक कर्जावर शिकतायत, आणि त्या कर्जात वडील किंवा आई सहकर्जदार असतात. म्हणजे मुलाचा हप्ता चुकला की दोघांचेही रिपोर्ट बिघडतात. उलटही होतं. बाबा कधी काळी भावकीतल्या कुणाला जामीन राहिलेले असतात आणि त्यानं कर्ज थकवलेलं असतं. जामीन राहिलेलं कर्जही जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये दिसतं, आणि मुलीच्या शिक्षणासाठी अर्ज केल्यावर बँकेच्या काउंटरवर ते घरात पहिल्यांदा कळतं. त्यांचाही मोफत रिपोर्ट निघतो, पण ओटीपी त्यांच्या बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर बऱ्याचदा चार वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो. तेव्हा दिवाळीला घरी गेलात की आधी त्यांना घेऊन बँकेत जा आणि नंबर बदलून घ्या.